पालाश बसत नाही

गणपतीच्या पाचव्या दिवशी, भरल्या मांडवात, हातात माईक घेऊन मी लतिकाकाकूंना "चूक!" म्हणालो. नुसतं म्हणून थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी घंटाही वाजवली. घंटा आरतीची होती, गुरुजींकडून तासाभराच्या बोलीवर मागून आणलेली. चुकीच्या उत्तराला ती वाजवायची, ही कल्पना माझीच.

प्रश्नमंजूषेचं नाव होतं 'मूलद्रव्य ओळखा'. दोन संघ, वीस प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला तीन खुणा. एकोणीस प्रश्न झाले तेव्हा दोन्ही संघ बरोबरीत होते. विसावा प्रश्न मी असा काही आवाज लावून वाचला, की समोरची लहान मुलं मोदक खायची थांबली.

"मी केळ्यात असतो. मला पाण्यात टाकलं तर मी जांभळ्या ज्योतीने पेटतो. आणि खताच्या पोत्यावर माझा नंबर तिसरा. ओळखा, मी कोण?"

"पोटॅशियम," लतिकाकाकू म्हणाल्या. पहिल्या खुणेलाच त्यांना उत्तर आलं असणार, पण प्रश्न पूर्ण होईपर्यंत थांबायची त्यांची पद्धत.

माझ्या कागदावर लिहिलं होतं : पालाश.

आता हे पालाश तिथे आलं कुठून, तर मीच आणलं. प्रश्न मी मोबाइलवरून उतरवले होते. आदल्या दिवशी लखनऊच्या आमच्या मंडळाचे कार्याध्यक्ष सतीश राजूरकर म्हणाले, "उत्तरं मराठीत पाहिजेत बरं का. मंडळ मराठी आहे." म्हणून मी बसून आयर्नचं लोखंड केलं, कॉपरचं तांबं केलं आणि पोटॅशियमचं पालाश केलं. मी सेलूचा, परभणी जिल्ह्यातला. आमच्या चुलत्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. नत्र, स्फुरद, पालाश ही तीन नावं मी बाराखडीच्या आधी वाचली, कारण पोती दुकानात होती आणि पाटी घरी राहायची. पण मी कॉमर्सवाला. आदल्या दिवशी ज्या हाताने पोटॅशियमचं पालाश केलं, त्याच हाताने दुसऱ्या दिवशी घंटा वाजवली, आणि मधल्या वेळात डोक्यातून सगळं साफ पुसलं गेलं.

"चूक!" मी म्हणालो. टण्ण.

काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काय म्हणालास?"

"सॉरी काकू, चुकीचं उत्तर. प्रश्न पुढच्या संघाकडे."

पुढच्या संघात खुद्द राजूरकरकाका होते. वर्ध्याचे, घरची कपाशी, आयुष्यभर बँकेत मॅनेजर. ते गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, "पालाश."

मी टाळ्या वाजवायला सांगितल्या. बक्षिसाचा पाच किलोचा स्टीलचा डबा राजूरकरकाकांना गेला. काकू फक्त "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी हातातला माईक टेबलावर ठेवला, अगदी अलगद, आवाज न करता. ही गोष्ट मी सांगितली तेव्हा आमच्या बँकेच्या शाखेतला एकजण म्हणाला, मग त्यात काय, शांतपणे घेतलं की त्यांनी. त्याने काकूंना पाहिलेलं नाही.

लतिका टेंभेकर मूळच्या मिरजेच्या. वडील रेल्वेत गार्ड. सांगलीला बी.एस्सी. केलं, रसायनशास्त्र घेऊन. लग्न होऊन विश्वासकाकांबरोबर लखनऊला आल्या त्या चौऱ्याऐंशी साली. काका केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते. दोन वर्षांनी काकूंनी परीक्षा दिली आणि रेल्वेच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागल्या. इंजिनाच्या बेअरिंगमधला पांढरा धातू चांगला की भेसळीचा, हे तपासायचं काम. त्या प्रयोगशाळेत आलेल्या त्या पहिल्या बाई. साहेब म्हणाले, "मैडम, यहाँ दिन भर तेज़ाब का काम है." काकू म्हणाल्या, "साहब, मैं चार ननदों वाले घर में ब्याही हूँ." पस्तीस वर्षं त्यांनी तिथे काढली. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर एक पिवळट डाग आहे. तो नायट्रिक आम्लाचा नाही, हळदीचा आहे, पण नव्या माणसाला त्या नायट्रिकचाच सांगतात.

निवृत्त झाल्यावर जानकीपुरमच्या घरात त्यांनी एक खेळ सुरू केला. दर रविवारी दहा वाजता. खेळाडू मोजकेच : काका, नात आर्या आणि गेल्या दोन वर्षांपासून मी. माझी ओळख मंडळातली, पण मी टिकलो तो जेवणामुळे. मी निशातगंजमधल्या एका बँकेत आहे आणि तिथेच गल्लीत खोली करून राहतो. आठवड्याचे सहा दिवस मी जे खातो त्याला जेवण म्हणायचं असेल तर मग रविवारच्या काकूंच्या वरणाला दुसरा शब्द शोधावा लागेल.

तर खेळ असा. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घेताना उखाणा घेतात, तसा काकू मूलद्रव्याचा उखाणा घेत. फक्त शेवटचं नाव घ्यायच्या नाहीत. ते आपण घ्यायचं.

"धातूंच्या घरात एकटाच ओला, कुठेच नाही थारा, ताप आला की चढून बसतो, नाव घ्या…"

"पारा!" हे सोपं. हे हिंदीतही चालतं.

पण पुढे गंमत असायची. "पत्र्याला पांघरूण घालतो, गंजाला ठेवतो त्रस्त, सेलच्या अंगातला कोट माझा, नाव घ्या…"

"ज़िंक," आर्या म्हणायची. ती बारा वर्षांची. बाप समीर, आई चेतना, दोघं मराठी. तरी मुलगी लखनऊची. आजीने मराठीत विचारायचं आणि तिने हिंदीत सांगायचं, असा करारच होता जणू.

"बसत नाही," काकू म्हणायच्या.

"आजी, ज़िंक ही तो है!"

"असेल. पण बसत नाही. त्रस्त… ज़िंक? बसतंय का बघ."

"जस्ता?"

"जवळ आलीस. पण पाय बाहेर राहिला."

मग आर्या डोळे मिटून, तोंडातल्या तोंडात तो शब्द फिरवायची, आणि एकदम, "जस्त!"

उखाण्याच्या टोकाला मराठी नावच बसायचं. म्हणून त्या पोरीच्या तोंडून आठवड्यातनं एकदा, दोन तास, मराठी निघायचं. आणि शब्द निघाला की त्याच्या मागोमाग वाक्यं यायची, मांजरीच्या मागे पिल्लं यावीत तशी. "आजी, हे कठीण होता." "होतं." "हे कठीण होतं." खेळ मूलद्रव्यांचा होता हे खरं, पण काकूंना त्यातून काय मिळत होतं ते कळायला रसायनशास्त्र लागत नाही.

या खेळाचा एकच कडक नियम होता. 'चूक' हा शब्द वापरायचा नाही. उत्तर कितीही भलतं असो, म्हणायचं, "बसत नाही." मी एकदा गंधकाच्या जागी लसूण म्हणालो होतो. वासाची खूण होती म्हणून. तेव्हाही काकू म्हणाल्या, "बसत नाही," आणि त्या दिवशीच्या चटणीत मला लसूण जरा जास्त वाढला.

अशा बाईला मी मांडवात घंटा वाजवून चूक म्हणालो होतो. तेही बरोबर उत्तराला.

पुढच्या रविवारी मी दहाला पोचलो. दार काकांनी उघडलं.

"आज खेळ नाही," ते म्हणाले.

"आणि जेवण?"

"जेवण आहे. ये."

जेवलो. वरण तेच होतं, भात तोच होता, काकूंनी आग्रहसुद्धा केला. "घे रे, तूप घे." माणूस रागावला की आपल्याला उपाशी ठेवतो, ते सोपं असतं. इथे तूप वाढून माझी पंचाईत केली होती. मी दोनदा सॉरी म्हणालो. दोन्ही वेळा काकू म्हणाल्या, "कशाबद्दल?" आणि भात वाढला. पालाश म्हणजेच पोटॅशियम, ही गोष्ट एव्हाना मला आणि सगळ्या मंडळाला कळली होती. राजूरकरकाकांनी स्वतःच सांगितली होती, हसत हसत, आणि मला 'पालाश' हे नाव ठेवून. "काय पालाश, कसं काय?" एकदा ते आमच्या बँकेत आले आणि काउंटरवरून ओरडले. तेव्हापासून आमचा गार्ड मला "पलाश बाबू" म्हणतो. त्याला वाटतं मी बंगाली आहे.

दुसऱ्या रविवारीही खेळ नाही. तिसऱ्या रविवारी आर्याच आली नव्हती.

"क्लासला गेली," काका म्हणाले. "ऑलिम्पियाडचा. रविवारी दहा ते बारा. चेतना म्हणाली, रविवार मोकळाच पडलाय तर जाऊ दे. दिवाळीपर्यंत ट्रायल आहे. दिवाळीनंतर पक्कं करायचं."

"काकू काय म्हणाल्या?"

"म्हणाली, छान." काकांनी खिडकीबाहेर बघितलं. "तिथे पोरीला हीच मूलद्रव्यं शिकवणार. इंग्रजीतून. ही म्हणते छान. आणि परवा पोरगी 'दादी' म्हणाली तेव्हा हातातली पोळी करपली."

"दादी?"

"बोलायला लागल्यापासून आजी म्हणते ती. परवा दादी. मैत्रिणीशी फोनवर बोलत होती, ओघात म्हणाली असेल. पण म्हणाली."

मी म्हणालो, "मग काकूंनीच सांगावं ना, खेळ परत सुरू करू या म्हणून."

"तू तिला अजून ओळखलं नाहीस," काका म्हणाले. "ज्या खेळात आपलं उत्तर चूक ठरतं, तो आपणच परत मांडायचा? बेअरिंग नापास केलं की ते परत पास करायची नाही ती. आता बेअरिंगच्या जागी हा खेळ आहे." मग ते माझ्या जवळ सरकले. "एक सांगतो. पण मी सांगितलं म्हणू नकोस."

काकूंचा नोकरीतला पहिला आठवडा. हिंदी कच्चं. तपासायला शिशाचा नमुना हवा होता. मराठीत शिसे, तर हिंदीत शीशा असणार, असा त्यांनी हिशेब केला, आणि रामसजीवन नावाच्या अटेंडंटला म्हणाल्या, "भैया, ज़रा शीशा लाइए." हिंदीत शीशा म्हणजे काच, नाहीतर आरसा. शिशाला ते सीसा म्हणतात. रामसजीवन गेला आणि हात धुवायच्या खोलीतला आरसा खिळ्यावरनं काढून घेऊन आला. नव्या मैडमना तोंड बघायचं असेल, त्याला वाटलं. सगळी प्रयोगशाळा बघत होती.

"मग?" मी विचारलं.

"मग ते तूच तिला विचार," काका म्हणाले.

मी विचारलं नाही. मला वाटलं, मला कळलं. शब्दाचा घोटाळा त्यांच्याकडूनही झाला होता, तेव्हा आता आम्ही एकाच बाकावरचे. पुढच्या रविवारी मी निशातगंजच्या बाजारातून गुलाबी दांडीचा हातातला आरसा घेतला आणि काकूंच्या पुढे धरला. पाठ केलेलं वाक्य म्हणालो, "काकू, शिसे आणलंय."

काकू डाळ निवडत होत्या. त्यांनी आधी काकांकडे बघितलं. काकांनी पेपर उभा धरला. मग त्यांनी आरसा घेतला, त्यात बघितलं, कपाळावरची टिकली जरा डावीकडे सरकवली.

"हेच केलं होतं मी तेव्हा," त्या म्हणाल्या. "त्याच्या हातातून आरसा घेतला. टिकली नीट केली. शुक्रिया म्हणाले. आणि मग विचारलं, 'भैया, वो जो भारी वाला होता है, उसको आप क्या बोलते हैं?' तो म्हणाला, 'सीसा.' मी शिकले सीसा, तो शिकला शिसे. पस्तीस वर्षं मला शिसे म्हणूनच आणून द्यायचा तो. लोकांना वाटायचं, काहीतरी गुप्त भाषा आहे." त्यांनी आरसा ताटाशेजारी उपडा ठेवला. "तुला पालाश हवं होतं, मी पोटॅशियम म्हणाले. तू विचारायचंस रे. 'काकू, याला अजून काय म्हणतात?' एवढंच. मी सांगितलं असतं पालाश. मी काय खताचं पोतं बघितलं नाही?"

मी डाळीतला एक खडा वेचून बाजूला ठेवला.

"आणि दुसरं. पोत्यावरचा पालाश म्हणजे निव्वळ पोटॅशियमसुद्धा नव्हे. तो आकडा ऑक्साइडच्या मापात असतो. तेव्हा घंटा वाजवायचीच होती तर…"

"माझ्यासाठी," मी म्हणालो.

"मी तसं म्हटलं नाही," काकू म्हणाल्या आणि पुन्हा डाळीकडे वळल्या. आरसा त्यांनी परत दिला नाही. खेळही मांडला नाही.

दिवाळीच्या आधीचा रविवार. आर्याच्या क्लासला सुट्टी होती. ती सोफ्यावर मोबाइल घेऊन आडवी. काकू स्वयंपाकघरात एका पितळी पातेल्यात डोकं घालून होत्या.

"आलाच आहेस तर हे यहियागंजात नेऊन कलई करून आण," त्या मला म्हणाल्या. "आतून पिवळं दिसायला लागलंय. दिवाळीची बासुंदी यात आटवायची आहे मला."

"मैं भी जाऊँ?" आर्या उठून बसली. घरात कंटाळली होती, बाकी काही नाही.

भांड्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक कलईवाले चाचा बसतात. पांढरी दाढी, समोर कोळशाची भट्टी. आमच्या पुढे सात-आठ माणसं आपापली भांडी घेऊन उभी होती. कुणाच्या हातात हंडा, तर दोघं मिळून बिर्याणीची डेग धरून. नंबर आला तसं चाचांनी पातेलं भट्टीवर तापवलं, नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर उठला. मग एका चकचकीत कांडीचं टोक आत टेकवलं आणि कापसाच्या बोळ्याने गरगर फिरवलं. बघता बघता पिवळ्या पातेल्याचं पोट चांदीसारखं झालं. आर्याचं तोंड उघडं.

"चाचा, ये क्या लगाया?"

"राँगा है बिटिया. ख़ालिस राँगा."

"राँगा मतलब?"

"मतलब राँगा!" चाचांनी कांडी उचलून दाखवली. "अंग्रेज़ी में टिन कहते होंगे. हम तो राँगा ही कहेंगे."

आर्या मागे वळली. आमच्या मागची रांग आता कोपऱ्यापर्यंत गेली होती. तिने रांगेकडे बघितलं, कांडीकडे बघितलं आणि एकदम हसली. का ते मला कळलं नाही. परतीच्या ई-रिक्शात ती पातेलं मांडीवर घेऊन गप्प बसली होती आणि तिचे ओठ हलत होते.

"पोटात ढवळतंय का गं?" मी विचारलं.

"चुप रहो ना भैया. बसवत आहे."

'बसवत आहे' हे मराठी होतं, थोडं लंगडं, पण मराठी.

घरी पोचल्यावर काकूंनी पातेलं उजेडाकडे धरून आतून न्याहाळलं, नखाने कडेला टिचकी मारली. "चांगलं काम आहे."

"आजी," आर्या समोर उभी राहिली, दोन्ही हात मागे. "आजी, मी घेते. उखाणा."

काकांचा पेपर खाली आला.

काकूंनी पातेलं ओट्यावर ठेवलं. "घे."

आर्याने घसा साफ केला.

"पितळेचं पोट पांढरं कोण करतं, आजी आप सांगा, भट्टीवर फिरतो कापसाचा बोळा, नाव घ्या…"

'आजी आप सांगा' ऐकून मला हसू येत होतं, पण काकू गंभीर होत्या. प्रश्न पूर्ण होईपर्यंत थांबल्या, त्यांच्या पद्धतीप्रमाणे. मग म्हणाल्या, "कथील."

बरोबरच. टिनला मराठीत कथील म्हणतात, हे तर आता मलाही माहीत होतं.

आर्याने मान हलवली. "बसत नाही."

"अगं, कथीलच! कलई कथलाचीच असते. पस्तीस वर्षं मी…"

"असेल," आर्या म्हणाली, अगदी आजीच्या आवाजात. "पण बसत नाही. सांगा… कथील? बसतंय का बघ."

काका खोकले. ते हसत होते.

काकूंनी पदर खोचला. "टिन. नाही. वंग? आयुर्वेदात वंग म्हणतात."

"जवळ आलीस. पण पाय बाहेर राहिला."

"सांगा… मागा… बांगा…" काकू ओट्याला टेकून पुटपुटू लागल्या. मी दोन वर्षांत त्यांना कधी अडलेलं बघितलं नव्हतं. शेवटी त्या माझ्याकडे वळल्या. मी खांदे उडवले. मला उत्तर माहीत होतं, पण या घरात एकदा तोंड उघडून जे झालं ते पुरे होतं.

"हरले," काकू म्हणाल्या. "याला अजून काय म्हणतात गं?"

"रांगा!"

"रांगा? कसल्या रांगा? रेशनच्या?"

"नाही आजी! हिंदीत कथील म्हणजे राँगा. आणि तिथे मस्त लांब रांगा होती…"

"रांग होती. किंवा रांगा होत्या."

"…रांगा होत्या, राँग्यासाठी! समजली?"

"समजलं." काकूंनी चष्मा काढला, पदराने पुसला, आणि पुसता पुसता त्यांना हसू फुटलं. आधी खांदे हलायला लागले, मग आवाज आला. "राँग्यासाठी रांगा! अहो, ऐकलंत का? चाळीस वर्षं या गावात राहिले मी, कलई करून घेतली, राँगा राँगा ऐकलं, आणि ही रांग मला कधी दिसली नाही!"

"मग मी जिंकले?"

"जिंकलीस. आता माझी पाळी. बस इथे. अरे, तूही बस, उभा काय राहतोस?" त्या स्वयंपाकघरातच पाटावर बसल्या. "पेन्सिलीवर नाव माझे, आत मात्र मी नसे; हाती घेता हात वाकतो, नाव घ्या…"

"शिसे!" आर्या आणि मी एकदम ओरडलो. काकूंनी फळीवरून गुलाबी दांडीचा आरसा काढून आर्याच्या हातात दिला. "बक्षीस. याची गोष्ट तुला नंतर सांगते. आजीचा एक मोठा गोंधळ आहे त्यात."

त्या दिवशी पातेलं ओट्यावरच राहिलं आणि तीन तास खेळ चालला. चेतनावहिनी घ्यायला आल्या तेव्हा आर्या पाटावर मांडी घालून होती. "मम्मी, क्लास शनिवारी करून दे ना. रविवारी मी बिझी आहे."

वहिनी आधी आर्याकडे आणि मग काकूंकडे बघतच राहिल्या. पोरीने एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच मराठीत सांगितलं होतं. "बघते," त्या म्हणाल्या. दिवाळीनंतर क्लास शनिवारी गेला. राजूरकरकाकांनी भाऊबीजेला तो स्टीलचा डबा चिवडा भरून काकूंकडे पाठवला, वर चिठ्ठी : 'डबा परत करू नये.' काकूंनी चिवडा ठेवून घेतला आणि डबा परत केला.

माझं मात्र अजून मिटलेलं नाही. खेळ परत सुरू झाला त्या रविवारी निघताना मी चपला घालता घालता म्हणालो, "काकू, तुमचा तो एक गुण. मंडळाच्या वहीत लावून घेतो, राजूरकरकाकांशी बोलतो."

"वहीत नको मला," काकू म्हणाल्या. "मला पालाशचा उखाणा दे. तू केलेला. आणि बसला पाहिजे."

"आत्ता?"

"आत्ताच पाहिजे असं नाही. घाई नाही रे. दे सावकाश."

आर्याने टाळी वाजवली. "सावकाश, पालाश! आजी, बसलं!"

मी बोट वर केलं. "झालं तर मग, हाच…"

"हा माझा झाला," काकू म्हणाल्या. "दुसऱ्याच्या ताटातलं चालायचं नाही."

आता मराठीत पालाशला बसणारे शब्द असून असून किती असणार? आकाश घेतलं तर केळ्याचा संबंध लागेना. प्रकाश घेतला तर आर्या म्हणाली, "जांभळा प्रकाश ठीक आहे, पण दुसरी ओळ लंगडी आहे." विनाश आणि सत्यानाश काकूंनी न ऐकताच परत केले; दिवाळीच्या महिन्यात असलं नको म्हणाल्या. आता मार्गशीर्ष लागलाय. दर रविवारी दार उघडलं की काकू आधी विचारतात, "आणलास?" आणि मी म्हणतो, अर्धा आणलाय. खरं म्हणजे अर्धाही नाही. 'केळीच्या बागेत' एवढ्यावर येऊन थांबलोय. काकू "बरं" म्हणतात आणि तूप वाढतात.